पाचापैकी तीन

फणसवाडीतल्या परुळेकर बेकरीचं नाव बदलून 'पारूज पॅटिसरी' झालं, त्या दिवशी कमलाकांत धैर्यवान यांनी एवढंच विचारलं होतं, की ह्याचा उच्चार नेमका कसा करायचा. दुकानाचा मालक निलेश परुळेकर यालाही तो खात्रीने येत नव्हता. तेव्हा दोघांनी समजुतीने 'दुकान' म्हणायचं ठरवलं आणि विषय मिटला.

मिटला, असं निलेशला वाटलं. पण कमलाकांत एका विमा कंपनीच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेले. ऑडिटवाल्याच्या डोक्यात कुठलाही विषय मिटत नसतो, तो पुढच्या तपासणीसाठी राखून ठेवलेला असतो. दुकानाला काचेचं दार लागलं, ते त्यांनी नोंदवलं. एसी आला, तोही नोंदवला. खऱ्याखुऱ्या विटांची भिंत गिलावा करून झाकली आणि तिच्यावर विटांचं चित्र असलेला कागद चिकटवला, तेव्हा तर त्यांनी रस्त्यात उभं राहून चष्मा पुसला. आणि मग पायनॅपल पेस्ट्री चाळीस रुपयांवरून एकशे तीसवर गेली. वर गेली ती किंमत. पेस्ट्री स्वतः खाली आली होती, उंचीनेही आणि रुंदीनेही.

यावर त्यांनी घरी भाषण केलं. एकदा नव्हे, दर शनिवारी, कारण पेस्ट्री दर शनिवारी यायची.

"मग आणू नका," नलूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या.

"आणू नका काय? प्रश्न पेस्ट्रीचा नाहीये, तत्त्वाचा आहे."

नवरा तत्त्वावर आला, की नलूताई उठून कुकर लावायच्या. कुकरच्या शिटीपुढे तत्त्व फार वेळ टिकत नाही, हा त्यांचा संसारातला अनुभव होता.

आता कुणी म्हणेल, निलेशलाच का नाही सांगितलं? तो जन्मल्यापासून ओळखीचा, दुकान खालच्या गल्लीत. पण धैर्यवान हे कमलाकांतांचं फक्त आडनाव होतं. कागदावर त्यांनी भल्याभल्या मॅनेजरांना घाम फोडला होता. समोरासमोर मात्र त्यांच्याच्याने कुणालाही वाईट म्हणवत नसे. निलेशने काउंटरवरून, "काका, मागची पेस्ट्री बरी होती ना?" असं विचारलं, की हे "फस्क्लास!" म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि जिना चढताना पहिल्या मजल्यापासून भाषणाची तयारी सुरू करायचे.

हे भाषण एका शनिवारी सुरुचीच्या मीटिंगमध्ये घुसलं. सुरुची ही त्यांची सून. मुलगा अनिमेष बोटीवर इंजिनीअर, वर्षातले सहा-सात महिने समुद्रात, त्यामुळे भाषणाच्या पल्ल्याबाहेर. सुरुची घरूनच काम करायची. त्या दिवशी तिचे सिंगापूरचे साहेब काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना मागून "एकशे तीस रुपयांत पूर्वी अख्खा केक यायचा!" असा आवाज गेला आणि सिंगापूर गप्प झालं.

मीटिंग संपल्यावर ती शांतपणे बाहेर आली. "बाबा, तुमचा फोन द्या."

"काय करतेस?"

"हे जे तुम्ही आम्हाला सांगताय ना, ते इथे लिहायचं. नकाशाच्या ॲपवर. दुकानाखाली रिव्ह्यू देता येतो. म्हणजे सगळ्या जगाला कळेल आणि," ती जरा थांबली, "घरात सांगायची गरज उरणार नाही."

कमलाकांतांना हे पटलं. कागदावर लिहायचं म्हणजे तर त्यांचा प्रांत. टायपिंग जमेना म्हणून सुरुचीने बोलून लिहायची सोय दाखवली. मग ते गॅलरीत उभे राहिले, घसा साफ केला, आणि ऑफिसातल्या स्टेनोला सांगावं तसा मजकूर सांगितला. त्यातून जे उमटलं ते असं:

'सदर दुकानातील पायनॅपल पेस्ट्रीचा सरपंच ताजा व मऊ असतो. तथापि क्रीम गरजेपेक्षा अधिक गोड आहे. किंमत वाढत गेली असून आकारमानाने उलट दिशा धरली आहे. सोबत मिळणाऱ्या लाकडी चमच्याची चव पेस्ट्रीत उतरते. नोकरवर्ग विनम्र. एकंदरीत समाधानकारक.'

स्पंजचा सरपंच झाला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष खालच्या पाच ताऱ्यांवर होतं. किती द्यायचे? पाच म्हणजे शंभर टक्के. शंभर टक्के त्यांनी आयुष्यात कुणालाच दिले नव्हते, स्वतःच्या मुलालाही नाही. बराच विचार करून त्यांनी तीन दिले. पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. त्यांच्या वेळी साठ टक्क्यांवर वाडीत पेढे वाटत. निलेशला आपण फर्स्ट क्लासमध्ये पास केलं, या समाधानात त्यांनी बटण दाबलं आणि दुपारी छान झोप काढली.

संध्याकाळपर्यंत सुरुचीने तो रिव्ह्यू कौतुकाने इमारतीच्या ग्रुपवर टाकला होता. आणि तिथून पुढे प्रकरण कमलाकांतांच्या हातात राहिलं नाही.

पहिल्या आल्या तळमजल्यावरच्या मालनताई. हात ओले, पदर खोचलेला. "भाऊ, किती छान लिहिलंत हो. त्यात माझंपण घाला. माझ्या नातीच्या बड्डेला केकवर नाव काय टाकलंन माहितीये? मृण्मयीचं मुरमुरी! पोरीला अजून शाळेत मुरमुरी म्हणतात. आणि ते सरपंच म्हणजे कोण हो? निलेशचा पार्टनर का?"

त्यांच्या मागून दुसऱ्या मजल्यावरचा अभय आला. हा व्यायामशाळेत जाणारा, आणि तसं दिसावं म्हणून हात शरीरापासून जरा लांब ठेवून चालणारा. "काका, शुगर-फ्री काही ठेवतच नाही तो. बेकरीत प्रोटीन नाही म्हणजे काय? एक स्टार."

"अरे, पण तू तिथे काही खातोस का?"

"कसं खाणार? ठेवतच नाही ना!"

मग रघु सावे आले, पोस्टातून निवृत्त. त्यांची तक्रार जुनी आणि खोल होती. बेकरीत पूर्वी खारीचा चुरा पुडीत बांधून फुकट मिळायचा. पॅटिसरी झाल्यापासून चुरा मिळत नाही. "चुरा जातो कुठे, हा माझा प्रश्न आहे," ते म्हणाले. "खारी आहे म्हणजे चुरा असणारच. लपवतायत."

कमलाकांतांनी सगळ्यांना गॅलरीत बसवलं. आता हे नुसतं गाऱ्हाणं राहिलं नव्हतं, त्याला सर्वेक्षणाचं रूप आलं होतं, आणि सर्वेक्षण म्हटलं की शिस्त आली. त्यांनी नियम घातला, की प्रत्येकाने तक्रारीबरोबर एक तरी चांगली गोष्ट सांगायलाच हवी. ऑडिटचा रिपोर्ट कसा, दोन्ही बाजूंनी बोलला पाहिजे. या नियमाने फार वेळ खाल्ला. मालनताईंना चांगली गोष्ट आठवेना. अखेर "मेणबत्त्या बऱ्या होत्या" यावर त्या राजी झाल्या. एकाला क्रीम जास्त वाटत होतं, त्याच्याच बायकोला कमी. दोघं तिथेच भांडली. त्यांची मतं वेगवेगळी नोंदवताना संसाराच्याही दोन-चार गोष्टी नोंदल्या जाण्याच्या बेतात होत्या, त्या कमलाकांतांनी 'कक्षेबाहेर' म्हणून वगळल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी चुकून बेकरीशेजारच्या औषधाच्या दुकानाला दोन तारे दिले आणि 'गोडी कमी पडते' असं लिहिलं. नलूताई सगळ्यांना चहा करत होत्या आणि मध्येच विचारत होत्या, "हे सगळं निलेशला माहीत आहे का?"

"कळेलच त्याला," कमलाकांत म्हणाले. "त्याच्याच भल्याचं आहे."

इमारतीतली सगळी मतं अशी एका संध्याकाळी, एकाच गॅलरीतून, धैर्यवानांच्याच वायफायवरून जगात गेली. शेवटी चुऱ्याचा प्रश्न पाठवून रघु सावे उठले, तेव्हा कमलाकांतांना अनेक वर्षांनी ऑफिसातून घरी आल्यासारखं वाटलं.

सकाळी फोन उघडला तर सगळं साफ. मालनताईंच्या मेणबत्त्या नाहीत, अभयचं प्रोटीन नाही, चुरा तर नाहीच नाही. दुकानाच्या पानावर एक पट्टी आली होती: 'या ठिकाणी संशयास्पद हालचाल आढळल्याने रिव्ह्यू सध्या दाखवले जात नाहीत.' आणि कमलाकांतांना स्वतंत्र निरोप होता: 'आपला रिव्ह्यू काढून टाकण्यात आला आहे. तो खऱ्या ग्राहकाच्या खऱ्या अनुभवावर आधारित वाटत नाही.'

त्यांनी तो निरोप चष्म्याने वाचला, चष्म्याशिवाय वाचला, आणि मग सुरुचीकडून मोठ्याने वाचून घेतला.

"खरा वाटत नाही," ते म्हणाले. "मी."

"बाबा, तुम्ही नाही. तुमचा रिव्ह्यू."

"एकच झालं! साऱ्या नोकरीत माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं नाही. साहेब लोक म्हणायचे, धैर्यवानने लिहिलंय ना, मग खरंच असणार. आणि हा कोण मला खोटा म्हणणारा?"

दाद मागायची सोय होती. बिलाचा फोटो जोडा, असं तिथे म्हटलं होतं. बिलं? बिलं तर कमलाकांतांकडे बिस्किटाच्या डब्यात रबरबँड लावून ठेवलेली असायची. त्यांनी ताजं बिल काढलं, उजेडात धरलं, फोटो घेतला. पहिल्या फोटोत बिलापेक्षा अंगठा जास्त आला. दुसऱ्यात नुसताच अंगठा. तिसरा जमला. सोबत त्यांनी 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत सविस्तर निवेदन जोडलं. पाठवून फोन खाली ठेवतात न ठेवतात तोच उत्तर आलं: 'आपल्या विनंतीचा आम्ही काळजीपूर्वक विचार केला आहे. निर्णयात बदल नाही.'

"एवढ्यात?" कमलाकांत ओरडले. "डोळ्याचं पातं लवेपर्यंत काळजीपूर्वक विचार? आमच्याकडे काळजीपूर्वक विचाराला तीन-तीन महिने लागायचे! मला त्या अधिकाऱ्याशी बोलायचंय."

"बाबा, तिथे माणूस नाहीये कुणी."

"मग नाकारलं कुणी?"

कमलाकांत दिवसभर जेवले नाहीत नीट. अधूनमधून आरशापाशी जाऊन उभे राहत. नलूताई म्हणाल्या, "दिसताय हो, दिसताय," तरी त्यांचं समाधान होईना.

संध्याकाळी दारावर थाप पडली. बेल असताना थाप. दारात निलेशची आई, सुभद्राबाई. सासऱ्यांची गिरणीतली नोकरी सुटल्यावर नवऱ्याबरोबर बेकरी उभी केलेली बाई. अजूनही काउंटरमागच्या स्टुलावरून सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवायची. मराठी ती गिऱ्हाइकांशी बोलायची, मालवणी घरच्यांशी आणि भांडणात. आज ती मालवणीत आली होती.

"धैर्यवानानु, माझ्या झिलान तुमचा काय वाकडा केल्यान?"

"अहो सुभद्राबाई, बसा आधी..."

"बसाक येवक नाय मी! तीन ष्टार दिल्यात म्हणे. पाच आसत थंय. बाकीचे दोन खंय ठेवल्यात? तुमच्या अनिमेषाक दात येत होते, तेव्हा टोस कोणाचो चघळल्यान? तेव्हा मी इचारलंय, किती ष्टार देतास म्हणान?"

कमलाकांत साठ टक्क्यांचं आणि फर्स्ट क्लासचं सांगायला लागले. पण हे गणित समोर उभ्या आईला ऐकवण्यासारखं नव्हतं, हे त्यांना बोलता बोलताच उमगलं आणि वाक्य मध्येच विरून गेलं. नलूताईंनी सुभद्राबाईंना हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. पाण्याबरोबर आवाज खाली आला, आणि मग खरी गोष्ट बाहेर पडली.

एसी, काचेचं दार, विटांचा कागद, हे सगळं निलेशने हौसेने केलं नव्हतं. खारी-बटरवर दुकान चालेनासं झालं होतं. मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण जागेसाठी मागे लागला होता. जागा देऊन टाकण्याआधी निलेशने आईकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. नशिबाने परळच्या एका टॉवरमधल्या मोठ्या ऑफिसने विचारणा केली होती. तिथे दर शुक्रवारी शे-दीडशे माणसांना खाऊ द्यायचा असतो. ती ऑर्डर मिळाली तर दुकान तरणार होतं. पण त्या ऑफिसचा नियम असा, की साडेचार ताऱ्यांच्या खालच्या दुकानाकडून घ्यायचंच नाही. निलेशचं पान नवं. त्याच्यावर मोजके रिव्ह्यू, तेही कुडाळ-कणकवलीच्या मावश्या-आत्यांनी पाच-पाच तारे देऊन टाकलेले. त्यांत हे तीन पडले आणि तारे घसरले. नंतर गॅलरीतली वरात आली आणि सगळं पानच झाकलं गेलं.

"कणकवलीच्या आत्यांनी ही पेस्ट्री खाल्लीय कधी?" कमलाकांतांच्या तोंडून निघालंच.

नलूताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

सुभद्राबाई गेल्यावर नलूताई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता खाली जा."

कमलाकांत खाली गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. निलेश काउंटरवर कोपरं टेकून बसला होता. त्याने नेहमीसारखं "या काका" म्हटलं, आणि त्यामुळे कमलाकांतांना जास्तच लाजल्यासारखं झालं. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"मला सांगायचं होतंत ना," निलेश म्हणाला. "दर शनिवारी विचारतो मी तुम्हाला. तुम्ही फस्क्लास म्हणता. मला वाटायचं, धैर्यवान काका म्हणतायत म्हणजे आपलं बरोबर चाललंय."

"तोंडावर बोलवत नाही रे मला."

"आणि सगळ्या दुनियेसमोर बोलवतं?"

कमलाकांतांनी विचारलं, "परळला कधी जायचंय?"

"उद्या सकाळी. जाऊन काय करू? त्या मॅडम पान उघडणार आणि नाही म्हणणार."

"मी येतो. त्यांना सांगतो, तो मी आहे. खरा आहे. समक्ष."

निलेशच्या चेहऱ्यावर, आहे ते पुरे आहे, असा भाव आला. पण मागच्या स्टुलावरून आवाज आला, "ने त्यांका. जित्तो माणूस दाखव त्यांका. ज्येना बिघडवल्यान, तोच निस्तरांदे."

दुसऱ्या दिवशी कमलाकांत लग्नाच्या वेळचा कोट घालून, नलूताईंची शिकवणी घेऊन निघाले. शिकवणी सोपी होती. "पेस्ट्री खायची, छान आहे म्हणायचं आणि खाली बसायचं. दुसरा शब्द नाही. म्हणून दाखवा." त्यांनी म्हणून दाखवलं. "तथापि न लावता," नलूताई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं.

टॅक्सीत खोके दोघांच्या मांडीवर होते. खड्डा आला की दोघंही श्वास रोखून बसायचे. परळला टॉवरच्या दाराशी एक यंत्र होतं. त्यापुढे उभं राहिलं की ते चेहरा टिपून चिकटपट्टीवर नाव छापून द्यायचं. निलेशला दिलं. कमलाकांतांना देईना. ते डावीकडून उभे राहिले, उजवीकडून उभे राहिले, चष्मा काढला, घातला. यंत्र म्हणत राहिलं, चेहरा ओळखता येत नाही.

"इथेपण?" ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

अखेर पहारेकऱ्याने हाताने माहिती भरली. घाईत रकाने उलटसुलट झाले. कोटाच्या खिशावर चिकटपट्टी लागली: 'नाव: पेस्ट्री. कंपनी: धैर्यवान.' बदलून मागायला वेळ नव्हता. विमा कंपनीचे माजी ऑडिट अधिकारी त्या दिवशी पेस्ट्री या नावाने सोळाव्या मजल्यावर गेले.

ऑर्डरचं बघणारी श्रेया मॅडम तरुण होती, बोलायला नीट होती, पण घाईत होती. तिने लॅपटॉप फिरवून दाखवला. "परुळेकर, हे बघा. रिव्ह्यूच दिसत नाहीयेत. आमची पॉलिसी आहे, मी काही करू शकत नाही."

"मॅडम, म्हणून मी ग्राहकच घेऊन आलोय," निलेश म्हणाला.

तिने कमलाकांतांकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे. "मिस्टर... पेस्ट्री?"

"धैर्यवान. कमलाकांत धैर्यवान."

"तुम्ही ह्यांचे नातेवाईक का, काका?"

"नाही," कमलाकांत म्हणाले. "तक्रारदार."

निलेशने डोळे मिटून घेतले. श्रेयाला मात्र पहिल्यांदाच हसू आलं. तिने खोका उघडला, एक पेस्ट्री स्वतः घेतली, एक त्यांच्यापुढे सरकवली. "मग सांगा, कशी आहे?"

कमलाकांतांनी घास घेतला. नलूताईंची शिकवणी त्यांना शब्दन् शब्द आठवत होती. "छान आहे," ते म्हणाले, आणि खाली बसायला वाकले. पण जिभेवर साखर होती. खुर्चीपर्यंत पोचायच्या आत ते पुन्हा सरळ झाले. "तथापि..."

"काका!" निलेश कळवळला.

"तथापि, क्रीम गोड आहे. स्पंज उत्तम आहे, असा स्पंज गिरगावात दुसरीकडे मिळत नाही, सकाळचा ताजा असतो, त्याच्या बापाचा हात आहे त्याला. पण वर एवढं गोड क्रीम थापलं की तो कळत नाही. आणि लहान झालीय ही. पूर्वी शनिवारी एक आणली की आम्ही नवरा-बायको अर्धी अर्धी खायचो. मी सुरीने कापायचो, ही मोठा भाग मला द्यायची, मी परत तिच्याकडे सरकवायचो. आता कापायला गेलं की कोसळते. दोन घ्यायच्या तर दोनशे साठ. मग ही म्हणते, मला नको, तुम्ही खा. मी म्हणतो, तू खा. आणि ती तशीच राहते ताटलीत."

हे त्यांनी रिव्ह्यूत लिहिलं नव्हतं. लिहिताना त्यांना सुचलंही नव्हतं. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते ऐकू आलं आणि ते ओशाळून चष्मा पुसू लागले. निलेश खाली मान घालून खोक्याच्या दोरीशी चाळा करत होता.

श्रेया म्हणाली, "मग काका, दुसऱ्या दुकानातून का नाही घेत?"

"दुसऱ्या?" कमलाकांतांना प्रश्नच कळला नाही. "दुसऱ्या दुकानाचं बरं का वाईट, त्याच्याशी मला काय करायचंय? परुळेकरांचं बिघडलं तर वाईट वाटतं. म्हणून तर लिहिलं."

तिने लॅपटॉप मिटला. "माझ्याकडे रोज लोक येतात. सगळ्यांचे पाच स्टार. एकाचीही चव आठवत नाही." मग निलेशकडे वळून म्हणाली, "क्रीम कमी गोड करता येईल? आणि साइज थोडा मोठा? एक महिना बघू या. रेट काय लावणार?"

निलेशने तोंड उघडलं. पण भावाची गोष्ट कानावर पडली, की आत्मसंयम ही गोष्ट ऑडिटवाल्याला जमत नाही. "ऐंशी," कमलाकांत म्हणाले. "ऐंशीत नीट बसतं. मी हिशेब केलाय."

टेबलाखाली त्यांच्या नडगीवर बूट बसला, पण उशीर झाला होता. "डन," श्रेया म्हणाली.

परतीची टॅक्सी भायखळ्याला पोचली.

"काका," निलेश अखेर म्हणाला, "तुम्ही माझ्या बाजूने आला होतात ना?"

"अर्थात."

"मी शंभर सांगणार होतो."

"दिले नसते त्यांनी."

"दिले असते! त्यांनी पेस्ट्री संपवली होती काका! अख्खी! प्लेट पुसून!"

कमलाकांतांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारी निलेश काही वेळ धुसफुसत राहिला आणि मग त्यालाच हसू फुटलं. हसताना त्याच्या हातातला रिकामा खोका चेपला. कमलाकांतांना कशाचं हसायचं ते कळलं नाही, पण तेही हसले, कारण टॅक्सीत दोघांपैकी एकानेच हसणं बरं दिसत नाही.

त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. परळची ऑर्डर मिळाल्याची बातमी गल्लीत पसरली होती, आणि ज्यांनी गॅलरीत बसून एक-दोन तारे दिले होते ते सगळे आपल्यामुळेच मिळाली असं सांगत तिथे उभे होते. निलेशने आतून नवा ट्रे आणला. पेस्ट्री चांगली रुंद, क्रीमचा थर पातळ. त्याने सुरीने एक तुकडा काढला, बशीत ठेवला आणि सगळ्यांदेखत कमलाकांतांपुढे धरला.

"काका. फस्क्लास म्हणायचं नाही. खरं सांगायचं. तोंडावर."

मालनताई पुढे सरकल्या. अभयने हात आणखी लांब केले. कमलाकांतांनी तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि चघळत राहिले. निलेशच्या कपाळावर एसीत घाम आला. चघळता चघळता कमलाकांतांनी एक बोट वर केलं, भुवया जवळ आणल्या, आणि भरल्या तोंडाने म्हणाले, "तथा..."

"आदी गिळा," स्टुलावरून सुभद्राबाई म्हणाल्या, "मगे बोला."